लाल टोपण, केशरी टोपण

गुंड्या आमच्याकडे आला तो स्वतःच्या पायांनी. सांगलीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर गोधडीसाठी धुऊन टाकलेल्या जुन्या नऊवारींच्या ढिगात शिरला आणि तिथेच झोपला. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, हाकलायला झाडू उचलला, पण संध्याकाळी त्यांनीच बशीत दूध ओतलं.

नात्यात कुणाकडे बाळ होणार असलं की मी गोधडी शिवायला घेते. जमिनीवर अस्तर ताणायचं, त्यावर लुगड्यांचे थर, चारी कोपऱ्यांवर डाळींचे भरलेले डबे. डबे ठेवून होईपर्यंत हा बरोब्बर मधोमध येऊन बसायचा. उठवला तर जरा सरकायचा, तोही नेमका पुढच्या ओळीवर. त्या काळातल्या गोधड्या उलगडून पाहिल्या तर धावदोरा मध्येच कुठे वळसा घेऊन गेलाय ते दिसतं.

दोऱ्याचं मात्र त्याला भलतंच वेड. एका दुपारी त्याच्या तोंडातून हिरवा दोरा लोंबताना दिसला. आई पुढे होऊन ओढणार तेवढ्यात मी ओरडले, "आई, थांबा, ओढू नका!" मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकणं त्याला जमत नाही. पुष्कळदा एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात उतरतं आणि झालरीला चुण्या पडाव्यात तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होतं. अशा वेळी बाहेरून ओढलं तर आतडं कापलं जाऊ शकतं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, सुई नव्हती. दोरा आखूड होता, जिभेखाली अडकलेलाही नव्हता. यथावकाश खाली पडला. तेव्हापासून घट्ट झाकणाच्या डब्यात रिळं आणि उठताना सुया मोजणं हा घरचा नियम झाला.

मग तो सुटला. नसबंदी झालेला, खाऊनपिऊन सुखी, दिवसभर लोळणारा बोका. आईंच्या हातची दूधपोळी चालूच होती. वयाची आठ वर्षं उलटल्यावर अचानक पाण्याचं भांडं दिवसातून तीनदा भरावं लागायला लागलं. खाणं तेवढंच, पण पाठीचा कणा हाताला लागू लागला. आणि चाल बदलली. मांजर चवड्यांवर चालतं. हा मागचे पाय घोट्यापर्यंत टेकवून, दमलेल्या म्हाताऱ्यासारखा फरशीवरून घसटत यायचा. नसांवर परिणाम झाला होता. निदान निघालं मधुमेह.

आईंना मधुमेह कितीतरी आधीपासून. त्यांनी बातमी ऐकली आणि म्हणाल्या, "आता आला का हा माझ्या पंगतीला!"

फ्रिजच्या दारात दोन बाटल्या आल्या. आईंचं मिश्र इन्सुलिन चाळीस युनिटचं, त्याच्या सुईला लाल टोपण. गुंड्याचं ग्लार्जिन, माणसांचंच, पण शंभर युनिटचं. त्याची सुई केशरी टोपणाची. ही अदलाबदल झाली तर गंमत नाही. शंभराचं औषध चाळिसाच्या सुईत एका रेघेपर्यंत भरलं की अडीच युनिट जातात, आणि गुंड्याचा डोस होता एक युनिट. नवऱ्याने फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली. ती दमट हवेने पडली. मी गोधडीच्या उरलेल्या काठांच्या दोन पिशव्या शिवल्या, एक लाल इरकलीच्या काठाची, एक केशरी. गोधडी तिकडे अर्धी पडून होती, पण दोनअडीच महिन्यांत हातून पूर्ण झालेलं शिवण तेवढंच.

इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ, बारा तासांच्या अंतराने. दवाखान्यात नुसत्या भीतीने मांजराची साखर चढते, म्हणून घरीच तपासायला सांगितलेलं. कान तळहातात ऊब देऊन कडेच्या शिरेशी टोचायचं. थेंब येतो, बोका ढिम्म. मानेची कातडी चिमटीत धरून इंजेक्शन दिलं तरी तो वाटीतून डोकं वर काढत नसे. आई मात्र सुई टोचताना पूर्वी रोज कुरकुरायच्या. आता समोर गुंड्या असायचा. "त्याला आधी दे गं, मी थांबते," म्हणत थांबायच्या आणि मग स्वतःचं पोट निमूट पुढे करायच्या. कधी नाश्ता लांबवणाऱ्या, गुपचूप पेढा उचलणाऱ्या आई घड्याळाकडे बघून ताटावर बसायला लागल्या. डॉक्टरांच्या कानीकपाळी ओरडण्याने जे झालं नव्हतं ते बोक्याने करून दाखवलं. तसाही इन्सुलिनवर पहिला हक्क जनावरांचाच: १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते आधी कुत्र्यांवर आजमावलं, माणसाची पाळी १९२२ च्या जानेवारीत आली.

गोधडीच्या वहीत एका पानावर मापं, समोरच्या पानावर दोघांच्या साखरेचे आकडे. दूधपोळी बंद, मांसाहारी खाणं सुरू. काही महिन्यांत गुंड्याचे आकडे उतरत गेले आणि डॉक्टरांनी इन्सुलिन थांबवलं. वेळेवर उपचार मिळाले तर काही मांजरांचं असं सुटतं. पाय पुन्हा चवड्यांवर आले, तो ओट्यावर उडी मारायला लागला. आई रुसल्या. "याचं सुटलं, आणि मी टोचतेच आहे."

वर्षभराने आजार परतला, सोबत मूत्रपिंडाचं दुखणं घेऊन. या खेपेला फार लांबलं नाही. तो गेला तेव्हा गोधडी काठापर्यंत आली होती. उरलेल्या केशरी सुया दवाखान्यात दिल्या. आईंनी पिशवी मात्र ठेवून घेतली, सुपारी ठेवायला.

गोधडी नणंदेच्या नातवाला गेली. आठवड्याभरातच तिचा फोन आला, "वहिनी, तीनदा धुतली तरी पिवळे केस निघतातच आहेत. दुसरी शिवून देतेस का?"

आईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाल्या, "अजिबात नाही."