दक्षिण ध्रुवाकडील बिऱ्हाड

भूगोलाच्या तासाला जगाचा नकाशा भिंतीवर टांगला, म्हणजे त्याच्या अगदीं तळाशीं एक पांढरा पट्टा दिसतो. मुलांचें लक्ष तिकडे क्वचितच जातें. आणि खरें सांगावयाचें तर, शिक्षकाचेंहि जात नसे. परंतु २०१७ सालाच्या अखेरीस माझा धाकटा भाऊ त्या पट्ट्यावर एक वर्ष राहावयास निघाला, आणि तेव्हांपासून तो पट्टा आमच्या घराचाच एक भाग होऊन बसला.

भाऊ यंत्रांच्या कामांत वाकबगार. अंटार्क्टिका खंडावरील 'मैत्री' ह्या भारतीय संशोधन-केंद्रांत वीज उत्पन्न करणारीं यंत्रें सांभाळण्याकरितां त्याची निवड झाली. शरीराची तपासणी झाली, मनाचीहि झाली. हिमालयांत औली येथें बर्फावर वावरण्याचें शिक्षण मिळालें. आमची आई त्या वेळीं सत्तरी ओलांडलेली व हृदयविकारानें थकलेली होती. "तूं परत येईपर्यंत मी असेन कीं नाहीं, कोण जाणे," एवढेंच ती म्हणाली. जाऊं नको असें मात्र म्हणाली नाहीं.

१९८१ च्या डिसेंबरांत आपली पहिली तुकडी गोव्याहून जहाजानें निघाली, ती जानेवारींत तेथें पोहोंचली होती. भाऊ केपटाउनपर्यंत विमानानें गेला व तेथून दुसऱ्या विमानानें सुमारें सहा तासांत बर्फाच्या धावपट्टीवर उतरला. धान्य, इंधन व अवजड सामान मात्र अजूनहि जहाजानेंच जातें.

आपलें पहिलें केंद्र 'दक्षिण गंगोत्री' हें १९८३-८४ सालीं समुद्रावर पसरलेल्या बर्फाच्या थरावर उभारलें होतें. तें हळूहळू बर्फाखालीं गाडलें जाऊं लागलें. त्या अनुभवानें शहाणें होऊन १९८९ सालीं 'मैत्री' खडकाळ भूमीवर, खांबांवर उभारण्यांत आलें. जवळच गोड्या पाण्याचें सरोवर आहे. परंतु तें पाणी घरांत यावयाचें तर नळ गोठतां कामा नये. नळ गोठूं नये म्हणून ऊब हवी. आणि ऊब हवी म्हणून माझ्या भावाचीं यंत्रें अहोरात्र चाललीं पाहिजेत.

उन्हाळा सरला, उन्हाळ्यापुरतीं आलेलीं माणसें परत गेलीं, आणि हिवाळ्याकरितां सुमारें पंचवीस जण मागें राहिले. आतां नोव्हेंबरपर्यंत कोणी येणार नाहीं व कोणी जाणार नाहीं. शास्त्रज्ञ असो, डॉक्टर असो, स्वयंपाकघरांत मदतीची व झाडलोटीची पाळी प्रत्येकावर येते. मे महिन्याच्या उत्तरार्धांत सूर्य मावळला, तो दोन महिने उगवलाच नाहीं. जेवणाची व निजण्याची वेळ कसोशीनें पाळली नाहीं, तर माणसाचा दिवसाशीं संबंध तुटतो, असें भाऊ सांगत असे.

२१ जून हा तेथें मध्यहिवाळ्याचा सण. त्या वेळीं निरनिराळ्या देशांचीं केंद्रें एकमेकांस शुभेच्छा पाठवितात. त्या दिवशीं आपण सर्वांकरितां पुरणपोळ्या लाटल्याचें भावानें दूरध्वनीवरून आईस सांगितलें. आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हंसली. पुढल्याच आठवड्यांत ती गेली.

भावास कळवावें कीं नाहीं? नातेवाईक म्हणाले, "त्याला येतां येणार नाहीं, मग त्या अंधारांत त्याचें मन कशाला मोडतां?" मलाहि तें पटलें. सायंकाळीं त्याचा दूरध्वनि आला, तेव्हां "आई झोंपली आहे," असें मीं सांगितलें. वर्गांत मुलांना खोटें बोलूं नका म्हणून सांगणारा मी! रात्रभर माझा डोळ्यास डोळा लागला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्याच्या तुकडीच्या प्रमुखांस आधीं सूचना देऊन मीं त्यास सर्व सांगितलें. बराच वेळ तो बोलला नाहीं. मग त्यानें एकच विचारलें, "काल मी बोललों, तेव्हां ती गेली होती ना?" मीं "होय" म्हटलें.

सोबत्यांनीं आठवडाभर त्याची स्वयंपाकघरांतील पाळी आपसांत वाटून घेतली. रात्रीं एक ना एक जण त्याच्याजवळ बसे. यंत्रांकडे मात्र दुसऱ्याच सकाळीं तो स्वतः गेला. पंचवीस जणांची ऊब त्याच्या हातीं होती.

डिसेंबरांत तो परतला. आईच्या कबरेजवळ आम्ही दोघे बसलों असतां तो म्हणाला, "दादा, तेथें यंत्रावरील कांट्यावर विश्वास ठेवूनच जगावें लागतें. इंधन किती, उष्णता किती, तें कांटा सांगतो. कांटा कितीहि वाईट बातमी देवो, माणूस उपाय करतो. पण तो खोटें दाखवूं लागला, तर मग कशाच्या आधारावर चालावयाचें? एक दिवस तूं माझा तसा कांटा झाला होतास."

मला उत्तर सुचलें नाहीं. अजूनहि सुचत नाहीं.

पालकहो, आपलीं मुलें घरापासून दूर वसतिगृहांत राहतात. घरीं दुखणें असो, पिकाची नासाडी असो, त्यांच्यापासून चोरून ठेवूं नका. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हीहि पत्रांत केवळ 'मी खुशाल आहे' असें लिहूं नका. खुशाल नसाल तर तसें लिहा. अंतर कितीहि असो, खऱ्या बातमीवर माणूस तग धरूं शकतो.