रिकाम्या पाटीवरची खुडूक

घरची कोंबडी गेली की तिने किती अंडी दिली हे कोणाला आठवत नाही. आठवतात ते ती अंडी उबवायला खुडूक बसल्याचे दिवस. एरवी हातातून दाणे टिपणारी तीच कोंबडी तेव्हा पाटीजवळ हात नेला तरी पिसं फुलवून चोच मारायची. बहुतेक घरांत या आठवणीला एक टोचणी असते, कारण त्या दिवसांत घर तिच्याशी जसं वागलं ते सांगण्याजोगं नसतं. खुडूक मोडायची म्हणून तिला पाण्यात बुडवतात, पाय बांधून ठेवतात, तिचंच पीस नाकपुड्यांतून आरपार ओवतात. ती गेल्यावर घरातलं मूल विचारतं, तिला कशाची शिक्षा केली होती? खरं उत्तर एवढंच की तिचा काहीच अपराध नव्हता. पण माझं म्हणणं याच्याही पुढचं आहे. हे उपाय क्रूर आहेतच, तरी खुडूक कोंबडीवरचा सर्वांत मोठा अन्याय म्हणजे तिला रिकाम्या पाटीवर तशीच बसू देणं, म्हणजेच घराने काहीच न ठरवणं.

खुडूक बसणं हट्टासारखं दिसतं, पण त्यामागे शरीराची पक्की व्यवस्था आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन जास्त स्रवू लागतं, अंडी घालणं थांबतं, छातीपोटाची पिसं झडून उघडी कातडी अंड्यांना टेकते. दिवसातून एखाद्या वेळी ती उठते, घाईघाईने चार दाणे टिपते, पाणी पिते आणि परत येऊन बसते. तिचं वजन उतरत जातं. रात्री मुंगूस खुराड्यात शिरलं की बाकीच्या कोंबड्या जीव घेऊन पळू पाहतात, पण खुडूक सहसा जागा सोडत नाही आणि बसल्या जागीच मारली जाते. एवढी झीज सोसायला निसर्गाने मुदत घातली आहे ती 21 दिवसांची. शेवटी कवचाच्या आतून पिल्लांचा आवाज येऊ लागतो, ती त्याला साद देते, पिल्लं बाहेर येतात आणि बसणं संपून सांभाळणं सुरू होतं. पाटी रिकामी असेल तर हा शेवट येतच नाही. पोटाला त्या जागेचा स्पर्श होत राहतो तोवर प्रोलॅक्टिनही टिकून राहतं, आणि मुदत उलटून गेली तरी ती झिजत बसून राहते.

यावर कोणी म्हणेल, हा सगळा संप्रेरकांचा खेळ आहे, त्यात माया कशाला शोधायची? हे मान्य केलं तर शिक्षा आणखीच निरर्थक ठरते. जे तिने ठरवून सुरू केलं नाही, ते तिला छळून थांबवण्यात न्याय कुठला? दुसरा आक्षेप पोटाचा आहे आणि तो खरा आहे. देशी कोंबडी वर्षाला साधारण 50 ते 60 अंडी देते. अंड्यांचे पैसे पुष्कळदा घरातल्या बाईचा एकमेव हातखर्च असतो, आणि तो असा आटणं परवडत नाही. पण म्हणूनच निर्णय लवकर हवा. पिल्लं नको असतील तर तिला पहिल्याच दिवशी उचलून जमिनीपासून उंच, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात उजेडात ठेवावं, समोर दाणापाणी असावं. पोटाखालून वारा खेळला की बहुधा काही दिवसांत खुडूक मोडते. पिल्लं हवी असतील तर रात्री हलक्या हाताने तिच्याखाली ताजी फलित अंडी सरकवावीत. आता उबवण्याचं काम यंत्र करतं, असंही कोणी म्हणेल. व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींतून निवड करकरून खुडूक बसणं जवळजवळ घालवलं आहे, आणि हजारोंनी पिल्लं काढायची तिथे यंत्रच हवं. परसातल्या दहा पिल्लांना मात्र उबेनंतर राखणही लागते. घार फिरू लागली की पिल्लांना पंखाखाली घेणं यंत्राला जमत नाही.

मग घरं वेळेवर ठरवत का नाहीत? आजीला वाटतं, बसू द्यावी. सुनेला अंड्यांची नड असते. पुरुष म्हणतात, ते बायकांनी बघावं. जो तो दुसऱ्यावर सोडतो, दिवस जातात, आणि एकमेकांशी जे बोलायचं राहिलं त्याचा राग एके दिवशी कोंबडीवर निघतो. तिला बादलीत बुडवणारा हात खरं तर घरातल्याच कोणावर तरी चिडलेला असतो. मूल हे पाहत असतं. घरात ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर राग काढला तरी चालतो, हे ते न शिकवता शिकतं. म्हणून कोंबडी खुडूक बसली हे कळेल त्याच संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ठरवा, अंडी द्यायची की पिंजऱ्यात ठेवायचं. दोन्हींत तिचं हित आहे. बुडवणं आणि पीस ओवणं कायमचं बंद करा, आणि जे ठरेल ते मुलालाही कारणासकट सांगा.