आठही दिवे लागले, तरी…

शिकागोजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात मी संध्याकाळी नेटवर्किंग शिकवतो. मराठी मंडळींत हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "तिथे कुणालाही घेतात ना?" हो, घेतात. ही कॉलेजं त्यासाठीच तर आहेत.

१९०१ साली याच इलिनॉय राज्यात, जोलिएटच्या हायस्कुलात, ६ विद्यार्थ्यांवर असं पहिलं सरकारी कॉलेज सुरू झालं. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि हायस्कूलचे मुख्याध्यापक जे. स्टॅन्ली ब्राऊन यांची ती कल्पना. पदवीची पहिली दोन वर्षं मुलांनी घरी राहून, कमी खर्चात करावीत. आजही हिशेब तोच आहे. साधारण ६० क्रेडिट झाली की असोसिएट डिग्री. मग नोकरी धरा, नाहीतर विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जा.

माझ्या वर्गात गोदामात रात्रपाळी करणारा पोरगा असतो, पन्नाशीचा ट्रक ड्रायव्हर असतो आणि अधूनमधून पुण्या-नाशिकची एखादी इंजिनिअरही असते. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, मुलांच्या मागे सात-आठ वर्षं घरी राहिलेली. सगळ्यांना पहिलं काम एकच: नेटवर्कची केबल तयार करा.

केबलमध्ये आठ तारा, म्हणजे पिळलेल्या चार जोड्या. नवखा हात त्या टोकाच्या कनेक्टरमध्ये जोडीजोडीने ओळीत बसवतो: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. एकदा अशीच केबल घेऊन एक इंजिनिअर बाई आली. "सर, आठही दिवे लागले की!" साध्या टेस्टरवर लागले होते खरे; पण तो फक्त तार जोडली गेली का, एवढंच सांगतो. मी म्हटलं, आता मोठी फाईल पाठवा. फाईल रखडत राहिली.

दोष रंगांचा नव्हता, जोडीचा होता. सिग्नलची एक जोडी ३ आणि ६ नंबरच्या पिनांवरून जाते, कारण मधल्या ४ आणि ५ जुन्या टेलिफोनच्या जोडीसाठी ठेवलेल्या. बाईंच्या केबलमध्ये ३ वर हिरव्या जोडीतली तार होती, ६ वर निळीतली. एकमेकींभोवती न पिळलेल्या तारा शेजारचा सिग्नल उचलतात. म्हणून निळी जोडी मधे घ्यायची नि हिरवीची एकेक तार तिच्या दोन्ही बाजूंना. बाईंनी टोकं कापली, पुन्हा क्रिम्प केली. तिसऱ्या खेपेला जमलं.

कोर्स अर्ध्यावर सोडणारेही पुष्कळ. पाळी बदलते, मूल आजारी पडतं, फी थकते. दार उघडं आहे म्हणून वाट सोपी नाही.

तरी तुमच्या ओळखीत इकडे आलेली, शिक्षणात खंड पडलेली कुणी बहीण-भाची असेल, तर तिला एवढं कळवा: मार्कांची अट नाही, नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेला व्हिसा शिकण्यासाठी सहसा बदलावा लागत नाही आणि एक सत्र दर जानेवारीत सुरू होतं.