नव्या इंजिनाचे पहिले ऑइल

नव्या मोटारीत कारखान्यातच भरलेले पहिले ऑइल कधी बदलावे, हा प्रश्न सहसा किलोमीटरच्या आकड्यात विचारला जातो आणि त्याचे उत्तरही आकड्यातच दिले जाते. परंतु इंजिन उघडून पुन्हा बांधणाऱ्या कारागिराला तो आकडा दुय्यम वाटतो. एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग किती खडबडीत अवस्थेत एकत्र आले, ते नीट बसेपर्यंत किती धातू झिजून निघाला आणि निघालेला धातू कुठे गेला, या तीन गोष्टी कळल्या की पहिल्या ऑइलचे आयुष्य किती असावे हे बव्हंशी ठरते.

या झिजेचे मुख्य ठिकाण म्हणजे सिलिंडरचा बोअर, अर्थात पिस्टन ज्यात वरखाली होतो ती दंडगोल पोकळी, आणि पिस्टनच्या खाचांत बसवलेल्या रिंगा. बोअर मापात कातून झाल्यावर त्याच्या भिंतीवर होनिंग केले जाते, म्हणजे घर्षक दगड फिरवत वरखाली नेले जातात आणि त्यामुळे भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या, बारीक रेघांचे जाळे उमटते. ऑइल धरून ठेवण्यासाठी हे जाळे आवश्यकच असते. मात्र दोन रेघांमध्ये उरलेली सूक्ष्म टोके रिंगांना टोचत राहतात, आणि ती टोके झिजून सपाट होईपर्यंत रिंग व भिंत यांच्यातली फट पुरती बंद होत नाही. ती बंद झाली की गॅरेजच्या भाषेत रिंगा ‘बसल्या’ असे म्हणतात. तोपर्यंत जळालेला वायू रिंगांच्या कडेने खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भागात, उतरत राहतो आणि थोडे ऑइल वर जाऊन जळत राहते.

ही झीज होऊ न देण्याइतके ऑइल समर्थ का नसते, याचे उत्तर वंगणशास्त्राने बऱ्याच आधी दिले आहे. जर्मन अभियंता रिचर्ड श्ट्रिबेक याने १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बेअरिंगवरील प्रयोगांतून वेग, दाब व ऑइलचा दाटपणा यांच्यानुसार घर्षण कसे बदलते हे स्पष्ट झाले: वेग पुरेसा असेल तर ऑइलचा थर दोन पृष्ठभागांना पूर्णपणे वेगळे ठेवतो, वेग कमी झाला की थर पातळ होतो आणि शेवटी धातू धातूला टेकतो. क्रँकशाफ्ट एकाच दिशेने सतत फिरत असल्याने त्याच्या बेअरिंगांना हा थर बहुतेक वेळ लाभतो. पिस्टनची गोष्ट निराळी आहे, कारण तो प्रत्येक फेरीत वरच्या व खालच्या टोकाला क्षणभर थांबून दिशा बदलतो, आणि त्यातही वरच्या टोकाला, जिथे उष्णता व दाब दोन्ही सर्वाधिक असतात, तिथे थर सर्वांत पातळ असतो. बोअरची सर्वाधिक झीज याच जागी का आढळते, हे त्यावरून समजते.

म्हणूनच नव्या गाडीला फार जपून, सदैव हलक्या पायाने चालवण्याचा सल्ला अपुरा ठरतो. रिंगेला भिंतीवर दाबण्याचे काम तिच्या स्वतःच्या ताणाइतकेच तिच्यामागे शिरणारा ज्वलनवायूचा दाबही करतो; इंजिनावर भारच आला नाही तर टोके नीट झिजत नाहीत, उलट त्यांच्यामधल्या रेघांत ऑइल जळून त्याचा चकचकीत लेप बसतो, ज्याला बोअर ‘ग्लेज’ होणे म्हणतात, आणि असे इंजिन पुढे कायम ऑइल पिते. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये वेग व भार बदलते ठेवावेत, इंजिन गरम होण्याआधी जोर देऊ नये, द्रुतगती मार्गावर तासन्तास एकच वेग धरू नये आणि गाडी उभी ठेवून इंजिन विनाकारण चालू ठेवू नये, या सूचनांमागे हेच कारण आहे. मध्यम जोराने चढलेला घाट नव्या इंजिनाला मानवतो.

जुन्या पिढीतील मोटारींना पहिले ऑइल ५०० मैलांच्या, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटरच्या आसपास बदलण्याचा जो दंडक होता, तो त्या काळाच्या यंत्रकामाला धरूनच होता. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत ऑइलचा पंप नव्हता आणि फिल्टरही नव्हता; प्युरोलेटर या नावाने ऑइल फिल्टर १९२३ मध्ये आला आणि पुढची कित्येक वर्षे सगळे ऑइल नव्हे तर त्याचा काही भागच फिल्टरमधून जाईल अशी रचना प्रचलित राहिली. मुंबईत कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी आणि उत्तरपाड्याची ॲम्बॅसॅडर या दोन्ही गाड्यांची इंजिने जुन्या युरोपीय रचनेची असल्यामुळे त्यांच्यावर हात बसलेल्या मिस्त्रींच्या पिढीने पहिले ऑइल लवकर सोडण्याची शिस्त अंगी बाणवली. ती शिस्त अनुभवातून आलेली होती आणि आजही तिला हसण्याचे कारण नाही.

तथापि, दरम्यान यंत्रकाम बदलले आहे. आजच्या कारखान्यात होनिंग दोन टप्प्यांत होते. पहिल्यात खोल रेघा पाडल्या जातात आणि दुसऱ्यात बारीक दगडाने टोके आधीच छाटली जातात, म्हणजे पूर्वी ग्राहकाच्या हातून पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये होणारे काम आता पुष्कळसे यंत्रावरच उरकते. ऑइलही पूर्वीचे राहिलेले नाही. होंडासारखी कंपनी नव्या गाडीतले मूळ ऑइल लवकर काढू नये असे सांगते, आणि नव्या होंडांतून काढलेल्या ऑइलच्या तपासणीत मॉलिब्डेनम या घर्षण कमी करणाऱ्या मूलद्रव्याचे प्रमाण ठळकपणे जास्त आढळते. त्याखेरीज बहुतेक इंजिन ऑइलांत जस्त व फॉस्फरस असलेले एक संयुग असते, जे घासणाऱ्या गरम धातूवर अतिशय पातळ संरक्षक थर तयार करते. हा थर जमायला वेळ लागतो. भारतात १,००० किलोमीटरला होणाऱ्या पहिल्या मोफत सर्व्हिसमध्ये बहुतेक मोटारींचे ऑइल बदलत नाहीत, फक्त पातळी व गळती तपासतात, आणि पेट्रोल मोटारींच्या बाबतीत बदल साधारणपणे १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष यांपैकी जे आधी येईल तेव्हा होतो. ग्राहकाला यात फसवणुकीचा संशय येतो, पण तो अनाठायी आहे.

तरीही एक बाजू उरते. पहिल्या ऑइलच्या प्रयोगशाळेतील तपासणीत लोह, तांबे, ॲल्युमिनियम यांचे प्रमाण नंतरच्या कोणत्याही ऑइलपेक्षा जास्त निघते, आणि सिलिकॉनही भरपूर आढळते. एरवी सिलिकॉन म्हणजे एअर फिल्टरमधून शिरलेली धूळ असा अर्थ लावतात. नव्या इंजिनात मात्र ते बहुतांशी सांधे बंद करण्यासाठी लावलेल्या सीलंटमधून उतरते, त्यामुळे त्यावरून घाबरून जाऊ नये. धातूच्या कणांचे तसे नाही. कागदी फिल्टर साधारण २५ ते ३० मायक्रोनचे कण चांगले अडवतो, तर बेअरिंगमधला ऑइलचा थर भाराखाली काही मायक्रोनइतकाच जाड असतो. या दोहोंच्या मधल्या आकाराचे कण फिल्टरमधून सुटतात आणि बेअरिंगवर ओरखडे काढू शकतात. म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते, गाडी दहा-पंधरा वर्षे ठेवायची असेल तर पहिला बदल पुस्तिकेतील मुदतीच्या निम्म्यावर, ४,००० ते ५,००० किलोमीटरच्या दरम्यान, पुस्तिकेत सांगितलेल्याच ग्रेडच्या ऑइलने करून बिल जपून ठेवणे हा सर्वांत समंजस मार्ग आहे. ५०० किलोमीटरला ऑइल सोडल्याने आधुनिक मोटारीला विशेष लाभ होत नाही.

दोन ठिकाणी मात्र लवकर बदल अनिवार्य आहे. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच हे तिन्ही एकाच ऑइलात चालतात, त्यामुळे नव्या गिअरांच्या दातांचा कीस आणि क्लचप्लेटची भुकटी त्याच ऑइलात उतरते. म्हणून पहिल्या ५०० ते १,००० किलोमीटरमध्येच ते बदलण्याची सूचना दिलेली असते आणि ती अक्षरशः पाळावी. दुसरे ठिकाण म्हणजे ‘इंजिनकाम’ झालेली गाडी. गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकलेल्या इंजिनाला कारखान्यासारखी धुलाई क्वचितच मिळते आणि होनिंगच्या दगडाची भुकटी रेघांत अडकून राहते. चांगला मिस्त्री बोअर साबणाच्या गरम पाण्याने घासून पांढरे फडके काळे होईनासे होईपर्यंत पुसतो, आणि तरीसुद्धा ५०० किलोमीटरला ऑइल व फिल्टर दोन्ही बदलतो.

वापराचा प्रकारही विसरता येत नाही. शहरात रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे ऑइल पुरेसे तापतच नाही, त्यामुळे त्यात उतरलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ उडून जात नाही आणि पावसाळ्यात झाकणाखाली दुधट थर धरतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतर डिझेल मोटारींत काजळी अडवणारा फिल्टर आला. तो स्वच्छ करण्यासाठी ज्वलनानंतर जादा डिझेल सोडणाऱ्या रचनेत त्यातले थोडे सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरते. गाडी छोट्या फेऱ्यांवरच असेल आणि ही सफाई वारंवार अर्धवट राहत असेल, तर डिपस्टिकवरची ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढत जाते. अशा गाडीत किलोमीटरची वाट पाहणे चूक आहे. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली की ऑइल बदलावे. नुसता काळा रंग हे मात्र ऑइल संपल्याचे लक्षण नव्हे, कारण डिझेल इंजिनात काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे आणि नवे ऑइलही अल्पावधीतच काळे पडते.

पहिला बदल करताना इंजिन गरम असावे, म्हणजे कण तळाशी न बसता ऑइलबरोबर बाहेर येतात. चेंबरचा नट सोडल्यावर त्याचा वॉशर नवा घालावा आणि फिल्टर ऑइलबरोबरच बदलावा. शक्य असेल तर काढलेला फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उजेडात पाहाव्यात: बारीक, विखुरलेली चमक पहिल्या ऑइलात अपेक्षितच असते, तर नखाला लागतील असे तुकडे किंवा तांबूस पापुद्रे दिसले तर गाडी वॉरंटीत असतानाच सर्व्हिस सेंटरला तो फिल्टर दाखवून लेखी नोंद करून घ्यावी.