सतरा वर्षांच्या मुलाची सिंफनी

फ्लोरा फाउंटनजवळ पदपथावरील जुन्या पुस्तकांचे ढीग उपसतां उपसतां एकदां आमच्या हातीं असें एक पुस्तक आलें, कीं ज्यांत वाचण्यासारखें अक्षर जवळजवळ नव्हतेंच. पानोपानीं पांच पांच रेघा व त्यांवर बसलेले काळे ठिपके. तें बिझेच्या 'सी मेजर' सिंफनीचें छापील स्वरलेखन होतें. पाश्चात्य स्वरलिपि आम्हांस वाचतां येते ती अडखळत, मोडी वाचूं पाहणाऱ्या पदवीधरासारखी. तरी किंमत आमच्या खिशाला पेलण्याजोगी होती.

बिझे म्हणजे 'कार्मेन'चा कर्ता, इतकेंच पुष्कळांस ठाऊक असतें. पॅरिसच्या संगीत-विद्यालयांत शिकत असतां, १८५५ च्या ऑक्टोबरांत, वयाचीं सतरा वर्षें पुरीं होऊन चार दिवस झाले नाहींत तोंच त्यानें ही सिंफनी लिहावयास घेतली आणि सुमारें महिन्याभरांत संपविली. त्याच वर्षीं गुनोची पहिली सिंफनी लोकांपुढें आली होती, व तिचें पियानोसाठीं रूपांतर बिझेनेंच केलें होतें. ठसा तर जागोजागीं दिसतो. कदाचित् त्या संकोचानेंच असेल, आपली कृति त्यानें जन्मांत कधीं वाजविली नाहीं. १८७५ च्या जूनमध्यें, छत्तिसाव्या वर्षीं, तो वारला. हस्तलिखित पुढें त्याच्या पत्नीकडून रेनाल्दो हान या संगीतकाराकडे, व तेथून विद्यालयाच्या ग्रंथालयांत गेलें. १९३३ सालीं तें कोणाच्या तरी दृष्टीस पडलें. २६ फेब्रुवारी १९३५ रोजीं बाझल येथें वाइनगार्टनर यांनीं तें प्रथम वाजवून घेतलें, आणि त्याच वर्षीं तें छापलें गेलें. मध्यें ऐंशीं वर्षें!

ध्वनिमुद्रिका लावून आम्ही पानावर बोट ठेवून बसलों. दुसऱ्या भागांत ओबो एकटाच पुढें होतो. हें वाद्य आमच्या सनईचें दूरचें भावंड; दोहोंतही जिभाळी दुहेरी. तंतुवाद्यांच्या हलक्या साथीवर तो असा कांहीं आळवूं लागतो, कीं आमचें बोट रेघ विसरून गेलें. येथें गुनो नाहीं, कोणीच नाहीं. हा मुलगा स्वतः बोलत आहे.

आणि आम्हांस एका वहीची आठवण झाली. वीसएक वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें आपल्या कवितांची वही अभिप्रायासाठीं दिली होती. दोनचार पानें चाळून आम्हीं पहिल्याच पानावर पेन्सिलीनें 'अनुकरण' एवढा एकच शब्द लिहिला. त्यानें तो आमच्या टेबलावर उभ्याउभ्याच वाचला असावा. वही न्यावयास तो पुन्हां आला नाहीं. आम्हीही ती कपाटांत ठेवून दिली.

त्या रात्रीं ती काढून शेवटपर्यंत वाचली. अनुकरण होतेंच, पण सातवी कविता, विहिरीवरच्या रहाटाविषयींची, कोणाचीही नव्हती. त्या पानापर्यंत आम्ही गेलोंच नव्हतों.

पेन्सिलीचा शब्द रबरानें पुसला. कागदावर दाब मात्र राहिला आहे. त्याच्या एका सहाध्यायास पत्ता विचारण्यासाठीं पत्र टाकलें आहे.