वेटिंगचे किती?

मी दुबईत गाड्या पाठवते. रत्नागिरीला कुणी विचारलं तर एवढंच सांगते, कारण ‘शोफर सर्व्हिसमध्ये डिस्पॅचर’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, “म्हणजे ओलासारखं?” तसं नाही. आमची गाडी तासावर किंवा दिवसावर जाते. काळी एस-क्लास, पाचसहा जण असले तर व्ही-क्लास, आत गार पाण्याच्या बाटल्या, आणि कोट-टाय घातलेला माणूस. वेबसाइटवर त्याला शोफर म्हणतात, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ड्रायव्हर.

वर्षातला सगळ्यात धावपळीचा आठवडा अबू धाबी ग्रां प्रीचा. फॉर्म्युला वनची ही शर्यत २००९ पासून यास बेटावर होते आणि २०१४ पासून ती हंगामातली शेवटची असते. त्यामुळे जगभरचे हौशी लोक येतात, आणि त्यातले बरेचसे राहतात दुबईत. दुबईहून यास शंभरेक किलोमीटर. दुबईच्या हद्दीत पाटीवरच्या वेगापेक्षा २० जास्त झाले तरी कॅमेरा सोडून देतो. अबू धाबीने ही सूट २०१८ मध्ये काढून टाकली. तिथे पाटीवर १४० म्हणजे १४०च. मागे बसलेले पाहुणे ३००च्या वर पळणाऱ्या गाड्या बघायला निघालेले असतात, त्यांना १४० म्हणजे बैलगाडी वाटते. दंड आमच्याकडे ड्रायव्हरच्या पगारातून जातो, हे त्यांना कुठून कळणार?

माझं खरं काम शर्यतीच्या आधीच होतं. कुणाचं तिकीट नॉर्थ स्टँडचं, कुणाचं मरीनाचं, गाडीला कुठल्या पार्किंगचा पास, कुठला रस्ता किती वाजता बंद. प्रत्येक पाहुण्याला सकाळीच मेसेज जातो: ‘सुटल्यावर इथे या, ही खूण, हा गाडीचा नंबर.’ तो कुणी वाचत नाही. रात्री हजारो लोक एकदम बाहेर पडतात आणि फोन येतो, “मी गेटपाशी उभा आहे.” कुठल्या गेटपाशी? “मोठ्या.” पिट स्टॉपला चार चाकं बदलायचा विक्रम १.८० सेकंदांचा आहे, मॅक्लॅरनच्या टीमचा, २०२३ चा. पाहुणा आणि गाडी यांची गाठ घालायला मला चाळीस मिनिटं लागली तरी मी ती चांगली रात्र समजते.

तोवर ड्रायव्हर थांबलेले असतात. आम्ही गाडी विकतो असं वाटतं, पण गिऱ्हाईक पैसे मोजतं ते या थांबण्याचे. कधीही बाहेर या, गाडी हजर. शर्यत त्यांना दिसत नाही, नुसती ऐकू येते. डबा खायचा, नमाज पढायचा, केरळचे आणि नेपाळचे मिळून पत्ते कुटायचे, आणि फोनकडे लक्ष ठेवायचं.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. रत्नागिरी-कोल्हापूर, आंबा घाट. ते म्हणायचे, झोप आधी डोळ्यांत येत नाही, पायात येते. ॲक्सिलरेटरवरचा पाय जड होतो आणि माणसाला वाटतं, गाडी आज छान पळतेय.

१२ डिसेंबर २०२१. हॅमिल्टन आणि वर्स्टॅपन गुणांमध्ये अगदी बरोबरीत, आणि शेवटच्या लॅपमध्ये वर्स्टॅपन पुढे गेला. ५८ लॅप, ३०६ किलोमीटर, दीड तास. आमचे पेशावरकडचे एक चाचा त्या दिवशी पहाटे पाचला ड्युटीवर आले होते. विमानतळ, हॉटेल, मग यास. शर्यत साडेसहाला संपली, पुढे कॉन्सर्ट, त्यापुढे मरीनातल्या एका बोटीवर पार्टी. रात्री अकराला पाहुण्यांचा मेसेज आला: तीनला दुबईला सोडा, सहाला विमानतळावर, आणि ड्रायव्हर हाच हवा, स्वभावाने चांगला आहे. मॅनेजरनी ‘ओके’ लिहून टाकलं.

फॉर्म्युला वनच्या नियमात शर्यतीचं चालणं दोन तासांच्या वर गेलं की लॅप उरले असले तरी ती आटोपती घेतात. जगातल्या सगळ्यात तयार ड्रायव्हरांसाठी हा नियम आहे. चाचांसाठी माझ्याकडे फक्त एक एक्सेल शीट होती. मी दुसऱ्या गाडीने दुसरा ड्रायव्हर यासला पाठवला आणि चाचांना त्याच गाडीत मागे बसवून परत आणायला सांगितलं.

पाहुण्यांनी तक्रार केली. मॅनेजर चिडले. सगळ्यात जास्त चिडले ते चाचा. “बेटा, तीन दिन की टिप गई,” एवढंच म्हणाले. खोटं नव्हतं ते. टिप शेवटच्या फेरीला मिळते, आणि त्यावर त्यांचा घरी पाठवायचा हिशेब होता. पुढे दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. झोपेची काळजी मी केली होती, पण तिची किंमत त्यांच्या खिशातून गेली होती.

म्हणून भांडले ते पैशांसाठी. चार महिने लागले. आता ग्रां प्रीच्या आठवड्यात बारा तासांच्या वरच्या बुकिंगला दुसरा ड्रायव्हर ही वेगळी ओळ कोटेशनमध्ये असते, आणि पहिल्याला जाताना ठरलेली रक्कम मिळते. टिपेइतकी नाही, पण रिकाम्या हाताने कुणी उतरत नाही. या ओळीमुळे दरवर्षी दोनतीन गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात. बाकीचे विचारतात, दुसरा ड्रायव्हर कशाला?

मी लिहिते, ‘कारण तोवर पहिला झोपलेला असेल, सर. तो घरी झोपलेला बरा.’