तय्यबजींनी दिलेला जामीन

मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची यादी वरून खाली वाचत गेलं की सुरुवातीला सगळी इंग्रजी नावं लागतात. १४ ऑगस्ट १८६२ रोजी हे न्यायालय सुरू झालं. त्याआधी मुंबईत 'सुप्रीम कोर्ट' नावाचं कोर्ट होतं, ते आणि सदर अदालत बंद करून हे उभं राहिलं. पुढे यादीत नानाभाई हरिदास येतात, काशिनाथ त्र्यंबक तेलंग येतात, न्यायमूर्ती रानडे येतात. आणि १८९५ साली बद्रुद्दीन तय्यबजी. या कोर्टाचे पहिले मुस्लिम न्यायमूर्ती.

आपल्याकडे तय्यबजी माहीत असतात ते १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून, नाहीतर अंजुमन-ए-इस्लाममुळे. शाळेच्या भिंतीवरचा फोटो, जयंतीला हार, संपलं. माझे अब्बा तालुक्याच्या कोर्टात एका वकिलाकडे कारकून होते. त्यांना मात्र तय्यबजी आठवायचे ते एका जामिनासाठी.

जून १८९७. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताने लोक पिळवटून निघालेले. 'केसरी'त शिवराज्याभिषेक उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत छापून आला. त्यात अफझलखानाच्या वधाचं समर्थन होतं. आठवड्याभरात रँडवर गोळी झाडली गेली आणि सरकारने टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. टिळकांना जामीन मिळेना. शेवटी अर्ज आला तय्यबजींपुढे.

आता जरा थांबून ते वर्ष डोळ्यांसमोर आणा. १८९३ च्या मुंबईच्या दंगलीला जेमतेम चार वर्षं झाली होती. त्या दंगलीनंतरच्या टिळकांच्या राजकारणाबद्दल मुसलमानांच्या मनात काय होतं, हे तय्यबजींना कुणी सांगायला नको होतं. खटल्यातला मजकूर तर थेट अफझलखानाचा. जामीन नाकारला असता तर सरकार खूश झालं असतं आणि आपल्यातल्याही पुष्कळांनी मान डोलावली असती. तय्यबजींनी जामीन दिला.

पुढे खटला न्या. स्ट्रेची यांच्यापुढे चालला. ज्युरीतल्या सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवलं, तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष. शिक्षा झाली दीड वर्षाची. म्हणजे जामिनाने निकाल काही बदलला नाही. पण खटला उभा राहीपर्यंतचे दिवस माणूस मोकळा असतो, वकिलांशी बोलतो, कागद बघतो. कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या कुणालाही त्या दिवसांची किंमत विचारा. अब्बा म्हणायचे, "निकाल नंतर लागतो बेटा, आधी माणूस जामिनावाचून मोडतो."

गोष्टीचा पुढचा भाग अधिक चमत्कारिक आहे. तय्यबजींपुढे टिळकांसाठी जामीन मागणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. १९०८ साली टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा हेच दावर न्यायमूर्तीच्या खुर्चीत बसले होते. या वेळी जामीन मागायला उभे होते बॅरिस्टर जिना. दावरांनी जामीन नाकारला आणि पुढे सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. तय्यबजी तेव्हा हयात नव्हते, १९०६ मध्येच लंडनला त्यांचं निधन झालं होतं. कोण कुणाचा, हे आडनावावरून ओळखणाऱ्यांनी हे दोन जामीन अर्ज शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

त्या खटल्यात शिक्षा ऐकण्याआधी टिळक जे बोलले, ते आज उच्च न्यायालयातल्या त्या दालनाबाहेर संगमरवरावर कोरलेलं आहे. १९५६ मध्ये त्याचं अनावरण केलं मुख्य न्यायमूर्ती मोहम्मदअली करीम छागलांनी. छागला १९४७ पासून १९५८ पर्यंत त्या पदावर होते. कधीकाळी जिनांच्या चेंबरमध्ये काम केलेला, नंतर त्यांच्यापासून दूर झालेला हा माणूस.

छागलांबद्दल आपल्या समाजात प्रेम कमीच. ते समान नागरी कायद्याच्या बाजूचे, म्हणून अनेकांना ते परके वाटले. आणि तरी १९५१ च्या नरसू आप्पा माळी खटल्यात छागला आणि गजेंद्रगडकर यांनीच निकाल दिला की व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येणार नाहीत. खटला हिंदू द्विभार्या प्रतिबंधक कायद्याचा होता, पण त्याची सावली आमच्या घरांवर पडली. आपल्या बाया तलाकचा किंवा दुसऱ्या लग्नाचा प्रश्न घेऊन राज्यघटनेच्या दारात जातात तेव्हा हा निकाल आडवा येतो. ज्यांनी छागलांना नावं ठेवली तेच लोक त्यांच्या निकालाच्या आडोशाला उभे राहतात, आणि ज्या बायांना छागलांसारख्याची सोबत हवी होती, त्यांची वाट त्याच निकालाने अडली. मला हा निकाल चुकीचा वाटतो. छागलांबद्दलचा आदर आहे तिथेच आहे.

नागपूरकडे तर आपलं लक्षच नसतं. तिथे १९३६ पासून स्वतंत्र उच्च न्यायालय होतं आणि १९५४ मध्ये मोहम्मद हिदायतुल्ला त्याचे मुख्य न्यायमूर्ती झाले, वयाच्या पन्नाशीच्या आत. शिकले तेही नागपूरच्या मॉरिस कॉलेजात. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला, हिदायतुल्ला मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयात जबलपूरला गेले. पुढे १९६८ मध्ये ते भारताचे सरन्यायाधीश झाले, त्या पदावरचे पहिले मुसलमान. त्यामुळे महाराष्ट्राच्या यादीत त्यांना कुणी धरत नाही आणि मध्य प्रदेशवाले त्यांना आपले म्हणतात. विदर्भातल्या आमच्या मंडळींनी तेवढा हक्क तरी सांगायला हरकत नाही.